रुग्णाभ्यंग कोणाला? एका सामुदायिक मिस्सेचं प्रकरण

हे प्रकरण एका मध्यम आकाराच्या कॅथलिक धर्मग्रामातलं, म्हणजे एका चर्चशी जोडलेल्या वस्तीतलं आहे. कोणाची ओळख पटू नये म्हणून वयं, नाती आणि आजारांचे काही तपशील बदलले आहेत. आजाऱ्यांना भेटी देणाऱ्या गटाच्या बैठकांची टिपणं मी घेत होते, त्यामुळे चर्चा जवळून ऐकता आली.

पार्श्वभूमी

11 फेब्रुवारी हा जागतिक रुग्ण दिन. पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1992 मध्ये तो जाहीर केला आणि 1993 पासून तो पाळला जातो. लूर्दच्या मातेचा सणही त्याच तारखेला येतो. त्या सुमारास अनेक धर्मग्रामांत आजाऱ्यांसाठी खास मिस्सा (चर्चमधली सामूहिक उपासना) होते आणि मिस्सेतच रुग्णाभ्यंग, म्हणजे आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करण्याचा संस्कार, दिला जातो. चर्चच्या कायद्यात त्याला जागा आहे. 1983 च्या कॅनन संहितेतलं कलम 1002 सांगतं की योग्य तयारी झालेल्या आणि मनाची योग्य ठेवण असलेल्या अनेक आजाऱ्यांना, बिशपांच्या नियमांनुसार, हा संस्कार एकत्र देता येतो. ‘योग्य तयारी झालेल्या’ हे शब्द मात्र बहुतेकांच्या नजरेतून निसटतात.

या धर्मग्रामातही ते निसटले होते. आदल्या वर्षी प्रवचनानंतर धर्मगुरूंनी सांगितलं, ‘ज्यांना येशूच्या स्पर्शाची गरज वाटते त्यांनी पुढे यावं.’ निम्मं चर्च पुढे आलं. सर्दी झालेले आले, परीक्षेला बसणारी मुलं आली, परदेशातल्या मुलाच्या वतीने एक आई आली, कडेवरच्या बाळांना घेऊन जोडपी आली. फादर एकटे होते. प्रत्येकाच्या कपाळाला आणि दोन्ही तळहातांना तेल लावायचं, सोबत प्रार्थना म्हणायची, त्यामुळे रांग पुढे सरकेना. चाकाच्या खुर्चीतली माणसं कडेला थांबली होती. ऑक्सिजनवर असलेल्या एका आजोबांचा सिलिंडर संपत आला, तेव्हा मुलगा त्यांना घरी घेऊन गेला. ज्यांच्यासाठी मिस्सा ठेवली होती त्यांच्यातला सर्वांत आजारी माणूस तेल न लागताच परतला.

पुढच्या वर्षी नवे प्रमुख धर्मगुरू आले. त्या मुलाने त्यांना हा प्रकार सांगितला. तक्रारीचा सूर नव्हता, पण फादरांनी भेटी देणाऱ्या गटाला बोलावून घेतलं.

अडचण कुठे होती

कायदा या बाबतीत आखूड आणि बराच स्पष्ट आहे. कलम 1004 नुसार हा संस्कार त्या श्रद्धावंताला देता येतो जो समजत्या वयाला पोहोचला आहे आणि आजारामुळे किंवा वार्धक्यामुळे ज्याच्या जिवाला धोका सुरू झाला आहे. म्हणजे चार गोष्टी पाहायच्या: बाप्तिस्मा, समज, आजार किंवा म्हातारपण, आणि त्यातून येणारा धोका. धोका ‘सुरू झाला’ की पुरे. माणूस शेवटच्या घटका मोजत असावा लागत नाही.

शेवटच्या या मुद्द्यावर अजूनही घोटाळा होतो, आणि त्याला इतिहास आहे. मध्ययुगापासून हा संस्कार मृत्युशय्येकडे सरकत गेला. त्याला ‘शेवटचा अभ्यंग’ म्हणू लागले. फादर तेल घेऊन आले म्हणजे माणूस गेल्यात जमा, असं घरोघरी मानलं जाऊ लागलं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (कॅथलिक बिशपांच्या जागतिक सभेने) 4 डिसेंबर 1963 च्या उपासनाविषयक दस्तऐवजात सांगितलं की याला ‘आजाऱ्यांचा अभ्यंग’ म्हणणं अधिक योग्य, आणि तो फक्त मरणाच्या दारात असलेल्यांसाठी नाही. पोप सहावे पॉल यांनी 30 नोव्हेंबर 1972 रोजी विधीची नवी रचना मंजूर केली. कपाळ आणि हात एवढ्यांनाच तेल लावायचं ठरलं, आणि ऑलिव्हचं तेल मिळत नसेल तर दुसरं वनस्पतीजन्य तेल चालेल अशी सोय झाली. पण मूळ आधार जुनाच राहिला. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आजारी माणसाने मंडळीच्या वडिलांना बोलवावं, त्यांनी प्रभूच्या नावाने तेल लावून प्रार्थना करावी, असं सांगितलं आहे. तिथेही बोलावणारा आजारी आहे आणि तो शुद्धीवर आहे.

एका टोकाला ‘तेल म्हणजे मरण’ आणि दुसऱ्या टोकाला ‘तेल म्हणजे सर्वांना आशीर्वाद’. या धर्मग्रामात दोन्ही समजुती शेजारी शेजारी नांदत होत्या. आदल्या वर्षीच्या रांगेत दुसरी दिसली, पहिली दिसली नाही, कारण ती मानणारी माणसं घरीच थांबली होती. हे माझ्या टिपणांत फार उशिरा आलं; बैठकीत सगळा वेळ रांग लहान कशी करायची यातच गेला.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय जसं आहे तसं चालू ठेवण्याचा होता. गटातल्या एका ज्येष्ठ बाईंचं म्हणणं, ‘माणूस देवाकडे येतोय, आपण त्याला परत पाठवणारे कोण?’ या युक्तिवादाला वजन आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. फादरांनी उत्तर दिलं की संस्कार ही सर्वांना सारखी वाटायची वस्तू नाही. प्रत्येक संस्कार माणसाच्या एका विशिष्ट अवस्थेला भिडतो. परीक्षेच्या भीतीसाठी प्रार्थना आहे, पापासाठी पापनिवेदन आहे, रोजच्या बळासाठी कम्युनियन, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर आहे. गंभीर आजाराने खचलेल्या माणसासाठी हा एक आहे, आणि तो धडधाकट माणसाला दिला तर आजाऱ्याला त्यातून जे सांगायचं असतं तेच पुसट होतं.

दुसरा पर्याय डॉक्टरांच्या चिठ्ठीचा. एका निवृत्त अधिकाऱ्यांनी तो फार गांभीर्याने मांडला, नमुना अर्जासकट. विधीच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेतच याचं उत्तर आहे: आजार गंभीर आहे का, हे विवेकाने, बहुधा खरं ठरेल अशा अंदाजाने ठरवावं, त्याबद्दल मनाला टोचणी लावून घेऊ नये, गरज वाटल्यास डॉक्टरांना विचारावं. ‘गरज वाटल्यास’ म्हणजे दरवाजावर चिठ्ठी तपासणं नव्हे. अर्ज बाजूला ठेवला गेला.

तिसरा पर्याय, सामुदायिक विधी बंद करून फक्त घरोघरी जाण्याचा. नियमाच्या दृष्टीने सर्वांत सुरक्षित हाच. पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाला वर्षातून एकदा आपल्या लोकांमध्ये बसायला मिळतं, सगळं चर्च त्याच्यासाठी प्रार्थना करतं, हे घरच्या भेटीत मिळत नाही. गटातल्या सगळ्यांनी याला विरोध केला.

ठरलं ते असं: मिस्सा व्हावी, पण कोणाला अभ्यंग द्यायचा याचं बोलणं मिस्सेच्या आधीच्या आठवड्यांत, घरी बसून व्हावं. रांग ठेवू नये. ज्यांना संस्कार घ्यायचा आहे त्यांनी पुढच्या बाकांवर बसावं आणि धर्मगुरूंनी त्यांच्याकडे जावं. उरलेल्यांसाठी मिस्सेनंतर आशीर्वाद ठेवावा, तेलाशिवाय.

तेल लावायला गटातल्या चौघांनी मदतीची तयारी दाखवली. सोबत एक डीकनही (धर्मगुरूच्या खालच्या पायरीवरचे दीक्षित सेवक) होते. फादरांनी नम्रपणे नाही म्हटलं. कलम 1003 नुसार हा संस्कार फक्त धर्मगुरूच वैधपणे देऊ शकतात. 11 फेब्रुवारी 2005 च्या व्हॅटिकनच्या टिपणीत हे पुन्हा निक्षून सांगितलं आहे: डीकन किंवा प्रापंचिकांनी तो दिला तर तो संस्कारच होत नाही. मग शेजारच्या धर्मग्रामांतल्या दोन फादरांना बोलावण्यात आलं. तेल बिशपांनी पवित्र आठवड्यात आशीर्वादित केलेलं होतंच.

निर्णय, एकेका माणसाचे

भेटींमध्ये पुढे आलेल्या बहुतेक नावांवर चर्चा करावी लागली नाही. कर्करोगावर उपचार घेणारे, हृदय कमजोर झालेले, पक्षाघातानंतर अंथरुणावर असलेले यांच्याबाबत शंका नव्हती. वेळ गेला तो खालच्या माणसांवर.

ऐंशी ओलांडलेल्या एक आजी. रक्तदाब ठीक, साखर ठीक, डॉक्टर म्हणतात काही नाही. पण गेल्या वर्षभरात अंगातली ताकद ओसरलेली, चालायला आधार लागतो, जेवण कमी झालेलं. आजी स्वतःच म्हणाल्या, ‘मला आजार नाही, माझं नाव कशाला?’ विधीच्या प्रस्तावनेत हे अगदी स्पष्ट आहे: वयाने बरीच अशक्तता आलेल्या वृद्धांना, कोणताही गंभीर आजार नसला तरी, हा संस्कार देता येतो. नाव घेतलं. इथे वयाचा आकडा पाहायचा नव्हता. त्याच वयाचे एक आजोबा रोज चालायला जातात, त्यांचं नाव घेतलं नाही, आणि त्यांनाही त्याचं काही वाटलं नाही.

शस्त्रक्रिया दोन होत्या. एकाच्या डोळ्यातला मोतीबिंदू काढायचा होता, एकीच्या पोटातली गाठ. इथेही शस्त्रक्रिया हा निकष धरत नाहीत. ती ज्या आजारामुळे करायची तो गंभीर आहे का, हे पाहतात. गाठ असलेल्या बाईंना होय, मोतीबिंदूवाल्या काकांना आशीर्वाद.

गेल्या वर्षी अभ्यंग घेतलेले एक गृहस्थ विचारत होते, ‘पुन्हा घेता येतो का?’ त्यांचा मूत्रपिंडाचा आजार मधल्या काळात वाढून डायलिसिस सुरू झालं होतं. बरं होऊन पुन्हा गंभीर आजार आला, किंवा त्याच आजारात प्रकृती आणखी बिघडली, तर हा संस्कार पुन्हा देता येतो. दर वर्षी तारीख आली म्हणून नव्हे. त्यांच्या बाबतीत होय.

नवऱ्याची रात्रंदिवस सेवा करून थकलेली एक पत्नी म्हणाली, ‘त्यांच्याबरोबर मलाही लावा.’ थकवा खरा होता, पण आजार नव्हता. तिला नाही म्हणणं गटाला जड गेलं. फादरांनी मिस्सेतल्या प्रार्थनेत सेवा करणाऱ्यांचा वेगळा उल्लेख घातला आणि गटातल्या दोघींनी आठवड्यातून एक दुपार तिच्या घरी थांबायचं ठरवलं. मला विचाराल तर त्या बैठकीतून निघालेला सर्वांत उपयोगी निर्णय हाच.

आता जिथे खरा प्रश्न होता तिथे येते.

पंचविशीतली एक मुलगी, तीव्र नैराश्य, दोनदा रुग्णालयात राहून आलेली. आईने फादरांना वेगळं गाठून विचारलं. गटात कुजबुज झाली, ‘तिला काय झालंय? चालती-फिरती तर आहे.’ कलमात फक्त ‘आजार’ म्हटलं आहे, शरीराचा की मनाचा अशी वाटणी केलेली नाही. अट धोक्याची आहे, आणि तिच्या बाबतीत धोका तिच्या डॉक्टरांनीच घरच्यांना सांगितलेला होता. म्हणून पात्रतेबद्दल फादरांना शंका वाटली नाही. शंका होती ती पुढच्या बाकावर बसण्याबद्दल. तिथे बसली की सगळ्यांना कळणार. निर्णय तिच्यावर सोपवला: घरी, चर्चमध्ये एकटीला, किंवा सगळ्यांबरोबर. तिने आधी पापनिवेदन केलं, मग मिस्सेच्या आदल्या संध्याकाळी आई-वडिलांसोबत चर्चमध्ये संस्कार घेतला. यादीत तिचं नाव कधी आलंच नाही. माझ्याही टिपणांत नव्हतं. हा भाग तिने आणि तिच्या आईने परवानगी दिली म्हणून इथे आहे.

पाच वर्षांचा एक मुलगा, रक्ताचा कर्करोग. आदल्या वर्षी कडेवरच्या बाळांनाही तेल लावलं गेलं होतं, त्यामुळे गटाने यंदा ‘लहान मुलं नकोत’ असं सरसकट ठरवून टाकलं होतं. मुलाचं नाव या नियमात अडकलं. कायदा सात वर्षं पूर्ण झाल्यावर मुलाला समज आली असं गृहीत धरतो. पण ते गृहीतक आहे, कुंपण नाही. प्रस्तावनेत आजारी मुलांबाबत विचारलेला प्रश्न वेगळा आहे: या संस्काराने मनाला बळ मिळावं एवढी समज त्याला आहे का? आणि समज आली की नाही याबद्दल शंका उरली, तर कलम 1005 सांगतं की संस्कार द्यावा.

फादर त्याच्याशी बोलायला गेले. खेळण्यातल्या गाड्यांवर बराच वेळ गेला. मग त्यांनी तेलाची छोटी डबी दाखवली आणि हे कशासाठी असेल असं विचारलं. मुलगा म्हणाला, ‘मला दुखतं ते येशूला दाखवायला.’ फादर नंतर म्हणाले, मोठ्या माणसांकडून यापेक्षा बरं उत्तर क्वचित मिळतं. त्याचं नाव घेतलं. दृढीकरणाचाही, म्हणजे बाप्तिस्म्याला पूर्णता देणाऱ्या संस्काराचाही विचार झाला, कारण जिवाला धोका असेल तर लहान मुलालाही ते देता येतं आणि त्या प्रसंगी कोणताही धर्मगुरू देऊ शकतो. उपचारांना प्रतिसाद चांगला मिळत होता, म्हणून आई-वडिलांनी ते तूर्त थांबवलं. तो त्यांचा निर्णय, आणि समजण्यासारखा.

घटस्फोटानंतर चर्चबाहेर दुसरं लग्न केलेले एक गृहस्थ, हृदयविकार. गटातल्या एकाने लगेच कलम 1007 काढलं: उघड गंभीर पापात हट्टाने टिकून राहणाऱ्यांना हा संस्कार देऊ नये. वाक्यातले सगळे शब्द एकत्र लागू व्हावे लागतात: उघड, गंभीर, आणि हट्टाने टिकून राहणं. तो निवाडा बैठकीतल्या टेबलावर करायचा नसतो. फादर त्यांच्याकडे जाऊन बराच वेळ बोलले. काय ठरलं ते गटाला सांगितलं नाही, आणि कोणी विचारलंही नाही. मिस्सेच्या दिवशी ते पुढच्या बाकावर होते.

सर्वांत अवघड प्रकरण एका प्रोटेस्टंट नवऱ्याचं. पत्नी कॅथलिक, तीस वर्षांचा संसार, रविवारी तो तिच्याबरोबर मिस्सेला येतो. फुफ्फुसाचा कर्करोग, बराच पसरलेला. आदल्या वर्षी रांगेत उभं राहून त्याने तेल घेतलं होतं, कोणी काही विचारलं नव्हतं. आता विचारायची पाळी आली.

कलम 844 ऑर्थोडॉक्स आणि इतर पौर्वात्य चर्चच्या सदस्यांबाबत मोकळं आहे: त्यांनी स्वतः मागितलं आणि मनाची योग्य ठेवण असली, तर संस्कार देता येतो. इतर ख्रिस्ती बंधुभगिनींसाठी अटी वाढतात. आधी, मरणाचा धोका असावा किंवा बिशपांच्या मते तशीच निकडीची गरज असावी. त्यानंतर, आपल्या पंथाच्या सेवकाकडे जाता येत नसावं, मागणी स्वतःहून केलेली असावी, या संस्काराविषयी कॅथलिक श्रद्धा प्रकट केलेली असावी, आणि मनाची ठेवण योग्य असावी. या माणसाच्या बाबतीत आजाराचा धोका होता, मागणी स्वतःची होती, संस्काराविषयी तो जे बोलला ते अनेक कॅथलिकांपेक्षा नेमकं होतं. अडलं एकाच ठिकाणी. त्याचे पाळक जवळच राहत होते आणि आठवड्याला घरी येत होते.

फादरांनी धर्मप्रांताच्या, म्हणजे बिशपांच्या कार्यालयाकडे विचारणा केली. उत्तर आलं की अट शिथिल करण्याचं कारण दिसत नाही. फादरांनी स्वतः घरी जाऊन सांगितलं. तो म्हणाला, ‘गेल्या वर्षी चाललं, यंदा मी जास्त आजारी आहे आणि चालत नाही?’ या वाक्याला चांगलं उत्तर नव्हतं. फादरांनी त्याच्या पाळकांनाच मिस्सेला येण्याची विनंती केली. याकोबाचं पत्र त्यांच्याही बायबलमध्ये आहे. पाळकांनी येऊन त्याच्यासाठी प्रार्थना केली, पत्नी शेजारी होती. तो आला, पण दुखावलेलाच होता.

बाप्तिस्मा न झालेल्या दोन-तीन शेजाऱ्यांबाबत प्रश्न साधा होता. बाप्तिस्म्याशिवाय इतर कोणताही संस्कार वैधपणे घेता येत नाही. त्यांना आशीर्वादासाठी मनापासून बोलावलं आणि ते आनंदाने आले.

प्रत्यक्ष दिवशी

पुढचे बाक भरले. तीन धर्मगुरू बाकांमधून फिरले आणि विधी शांतपणे, वेळेत पार पडला. आदल्या वर्षीचे ऑक्सिजनवाले आजोबा पहिल्या बाकावर होते.

ऐनवेळी तीन-चार जण न सांगता पुढे येऊन बसले. हे होणारच होतं, आणि त्याचं काय करायचं हे आधी ठरलं होतं: सगळ्यांसमोर कोणाला उठवायचं नाही. फादर शेजारी वाकून हळूच विचारायचे, ‘काय होतंय?’ आजार गंभीर असावा असं वाटलं किंवा खात्री होत नसली, तर संस्कार द्यायचा. आजार गंभीर आहे की नाही याची शंका असली तरी कलम 1005 देण्याच्याच बाजूने आहे. नुसती मान आखडलेल्या एका तरुणाच्या डोक्यावर हात ठेवून फादरांनी आशीर्वाद दिला, आणि तो तेवढ्यावर खूश होता. डोळ्यांदेखत नकार मिळाला असं त्याला वाटलं नाही.

परिणाम

रांगेचा गोंधळ संपला. आदल्या वर्षी तेल लावलेल्या काहींनी ‘या वेळी आम्हाला वगळलं’ अशी कुरकुर केली. मिस्सेनंतरच्या आशीर्वादाला मात्र तेच सर्वांत जास्त संख्येने थांबले. काही आठवड्यांनी ती कुरकुर विरली.

पण दोन आठवड्यांतच एक प्रसंग घडला. सत्तरीतल्या एक बाई, फुफ्फुसांचा जुना आजार, एकट्या राहणाऱ्या. भेटी देणाऱ्या गटाने त्यांना विचारलं होतं. ‘सूचनेत गंभीर आजारी म्हटलंय, मी अजून तिथवर गेले नाहीये,’ असं म्हणून त्यांनी नाव दिलं नव्हतं. एका रात्री श्वास कोंडून त्या बेशुद्ध झाल्या. पुतण्याने फादरांना बोलावलं. बेशुद्ध माणसाला संस्कार देता येतो का, हा पुतण्याचा पहिला प्रश्न होता. शुद्धीवर असताना ज्याने निदान अप्रत्यक्षपणे तरी तो मागितला असेल, त्याला कलम 1006 नुसार द्यायचा. आयुष्यभर मिस्सा न चुकवणाऱ्या बाईंबाबत यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. फादरांनी एका क्षणात कपाळाला आणि हातांना तेल लावलं. त्या पहाटे गेल्या.

संस्कार मिळाला, नियमही पाळला गेला. पण पापनिवेदन झालं नाही, आणि व्हियाटिकम, म्हणजे मरणाच्या वाटेवर शिदोरी म्हणून घ्यायचं कम्युनियन, देता आलं नाही. जाणाऱ्यासाठीचा खरा शेवटचा संस्कार तोच आहे, तेल नव्हे. दोन आठवडे आधी चर्चमध्ये त्यांना हे सगळं शुद्धीत मिळालं असतं.

काय वेगळं करता आलं असतं

गटाने सगळा जोर चुकीने पुढे येणाऱ्यांवर लावला. चुकीने मागे राहणाऱ्यांचा विचार फारसा झाला नाही, आणि माझ्या मते नुकसान तिथे जास्त आहे. मान आखडलेल्या तरुणाला तेल लागलं असतं तर विधीचा अर्थ थोडा फिका झाला असता. त्या बाईंचं जे राहिलं ते राहूनच गेलं.

सूचनेतला ‘गंभीर आजारी’ हा शब्दप्रयोग तांत्रिकदृष्ट्या बरोबर होता आणि तरी घातक ठरला. लोक तो ‘मरायला टेकलेले’ असाच वाचतात. कलमातलं ‘धोका सुरू झाला आहे’ सूचनेत आणायला हवं होतं, तेही माणसाला स्वतःवर लावता येईल अशा प्रश्नांतून. पुढच्या वर्षीच्या मसुद्यात फादरांनी असे प्रश्न घातले: तुमचा आजार असा आहे का की त्यामुळे जगणं बदललं आहे? डॉक्टरांनी काळजी घ्यायला सांगितली आहे का? वयामुळे पूर्वीची ताकद राहिली नाही असं वाटतं का? मोठी शस्त्रक्रिया ठरली आहे का? एकालाही ‘होय’ असेल तर आमच्याशी बोला. निर्णय त्या बोलण्यात व्हायचा असल्यामुळे सूचना थोडी सैल असली तरी बिघडत नाही.

भेटी देणाऱ्यांना ‘नाव देता का?’ एवढंच विचारायला शिकवलं होतं. ‘नाही’ आलं की ते उठत. ‘का नको?’ हा दुसरा प्रश्न विचारला असता, तर त्या बाईंची आणि अशक्त आजींची भीती सारखीच आहे हे तिथेच कळलं असतं. आजींच्या सुनेने आग्रह धरला म्हणून त्यांचं नाव आलं. एकट्या राहणाऱ्या बाईंच्या घरी आग्रह धरणारं कोणी नव्हतं.

प्रोटेस्टंट नवऱ्याच्या बाबतीत निर्णय वेगळा व्हायला हवा होता असं मला वाटत नाही, पण तो कळवायला फार उशीर झाला. धर्मप्रांताकडे विचारणा करायला मिस्सेच्या आधीचे मोजके दिवस उरले होते. विचारणा आधी झाली असती तर पाळकांबरोबर बसून त्या दिवसाची नीट आखणी करता आली असती, आणि त्याला शेवटच्या क्षणी बाजूला काढल्यासारखं वाटलं नसतं. आता फादरांनी मिश्र विवाह असलेल्या कुटुंबांची यादी आधीच तयार करायला घेतली आहे. बिशपांकडे त्यांनी आणखी एक प्रश्न पाठवला आहे: पाळक दूर असतील किंवा आजाऱ्याला बोलावणं शक्य नसेल, अशा वेळी नेमकं काय करायचं? त्याचं उत्तर अजून यायचं आहे.

मिस्सेला न आलेल्या आजाऱ्यांची वेगळी नोंद कोणी ठेवली नव्हती. ती आता ठेवली जाते, आणि महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी फादर कम्युनियन घेऊन घरोघरी जातात तेव्हा तेलाची डबी सोबत असते.